राखाडी लेबल

१

संगणकाच्या म्हणण्याप्रमाणे ते पार्सल नऊ दिवसांपूर्वीच रवाना झाले होते. प्रत्यक्षात ते सोमवारी सकाळी पॅकिंगच्या टेबलाखालच्या फळीवर, एका कापडी पिशवीच्या आड सापडले. आणि ती पिशवी पॅकिंग करणाऱ्या मावशींची होती.

"हे काय आहे?" मालकीणबाईंनी विचारले. त्या कधी आवाज चढवत नसत, आणि म्हणूनच सगळे त्यांना वचकून असत.

मावशींनी आधी खोक्याकडे पाहिले, मग पिशवीकडे. "मला नाही ठाऊक, बाई. माझ्या पिशवीत माझा डबा असतो."

"पिशवीत नव्हतं. पिशवीच्या मागे होतं."

"मग मागच्याला विचारा."

एरवी या उत्तरावर हशा पिकला असता. त्या सकाळी कोणी हसले नाही.

गाड्यांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे ऑनलाइन विकणारे ते छोटेसे दुकान होते. रिव्हर्स कॅमेरे, सेन्सर, पुढच्या काचेला चिकटवायचे डॅशकॅम, असा सगळा माल. ना पाटी, ना काउंटर. पुढे कार्यालय, मध्ये बिनखिडकीचे कोठार, मागे तपासणीची खोली आणि त्यामागे उन्हाने पांढरे पडलेले अंगण. माणसे चार. मालकीणबाई, मावशी, बाईंच्या दिवंगत पतीचे जुने मित्र आणि आता मालाची तपासणी करणारे वायरकाका, आणि तक्रारींना उत्तरे लिहिणारा एक तरुण, ज्याला सगळे मुनी म्हणत.

हे नाव त्याला त्याच्या अबोलपणामुळे पडले होते. माणसांशी बोलताना त्याची जीभ टाळूला चिकटे, टेलिफोन वाजला की तळहातांना घाम फुटे. कागदावर मात्र तो कोणाचीही समजूत काढू शकत असे. निदान त्याला तसे वाटे. खरे पाहता त्याच्याजवळ सात तयार उत्तरे होती. तक्रार वाचायची, सातांपैकी एक पाठवायचे, आणि 'मिटली' या शब्दावर टिचकी मारायची. संध्याकाळी न मिटलेल्या तक्रारींचा आकडा शून्य झाला की त्याच्या मनाला एक खिन्न शांतता लाभे, जशी रिकाम्या वर्गात फळा पुसून झाल्यावर लाभते.

बाईंनी त्याला पुढच्या खोलीत बोलावले आणि दार लोटून घेतले.

"पाच आठवड्यांत तेवीस पार्सलं उशिरा पोचली. कोठारात चार डॅशकॅम कमी भरतात. आणि आज हे. तू यादी कर. तारखा, पत्ते, तक्रारी, सगळं. शनिवारी चार वाजता ती तिच्यासमोर ठेवते आणि तिला घरी पाठवते."

"पण... मावशी..." मुनीचे वाक्य तिथेच अडले.

"सोळा वर्षं आहे ती इथे, मला माहीत आहे. म्हणून तर शनिवारपर्यंत थांबते आहे."

बाहेर मावशी नेहमीच्या जागी डबा उघडून बसल्या होत्या, मागच्या दाराशी, चौघडी घातलेल्या जुन्या ताडपत्रीवर. झाकण उघडलेले होते आणि घास मात्र हातातच होता.

"मुनी," त्या म्हणाल्या, "बावन्नाव्या वर्षी चोर म्हणून बाहेर पडलेल्या बाईला कोण कामावर घेतं रे? तू शिकलेला आहेस, म्हणून विचारते."

त्याच्या सात उत्तरांपैकी एकही या प्रश्नाला लागू पडत नव्हते. तो जागेवर परतला तेव्हा सापडलेले खोके त्याच्या टेबलावर होते. त्याला प्रथमच जाणवले की त्यावरचे लेबल पांढरे नव्हते. ते राखाडी होते, जणू कोणी ते धुरावर धरले असावे.

२

मंगळवारी मुनीने यादी करायला घेतली आणि दुपारपर्यंत तिच्यातून एक विचित्र आकृती उमटू लागली.

उशीर झालेली तेवीसही पार्सले डॅशकॅमची होती. कॅमेरे आणि सेन्सर वेळेवर पोचत होते. आणि तेवीसही डॅशकॅम सात आठवड्यांपूर्वी आलेल्या नव्या साठ नगांच्या मालातलेच होते. चोरच असेल तर तो मोठा चोखंदळ म्हणायचा. शिवाय अखेरीस सगळे परत करणारा. कारण तेवीसही गिऱ्हाइकांना वस्तू शेवटी मिळाली होती, फक्त पाच दिवसांनी. तिसऱ्या आठवड्यात नऊ-दहा दिवसांनी. मग पुन्हा पाच.

पाठीमागे पावले थांबली. वायरकाका चहाचा पेला घेऊन उभे होते. अंगात तोच निळा सदरा, कानामागे तोच टेस्टर.

"फक्त उशिराच्याच तक्रारी काढतोयस?"

"हो, काका."

"बाकीच्या नाही?"

"बाकीच्या मिटल्यात."

"हो का?" काका पेल्यात बघत राहिले. "मिटल्या. बरं झालं." आणि ते मागे निघून गेले.

तेवढ्यात टेलिफोन वाजला. बाई बाहेर गेल्या होत्या, मावशी कोठारात होत्या. सहाव्या घंटीला मुनीने रिसीव्हर उचलला.

"मी ड्रायव्हिंग स्कूलवाली बोलतेय. तुमचं पत्र मिळालं. हे बघा, ते दिलगीर-दिलगीर बंद करा आधी. दहा दिवस मी थांबले, आणि आलं काय? वापरलेला कॅमेरा!"

"वा... वापरलेला?"

"आमच्या सात गाड्या आहेत. सहा कॅमेरे मी माझ्या हातांनी बसवलेत. नवा कॅमेरा चालू केला की त्याचं घड्याळ वर्षाच्या पहिल्या तारखेवर उभं असतं, बरोबर? ह्याचं घड्याळ बरोबर चालू होतं. तारीख, तास, मिनिटं, सगळं. म्हणजे माझ्याआधी कोणीतरी तो चालवला. कोणाच्या गाडीत होता तो?"

"मी... विचारून सांगतो."

"विचारताय काय! तुमच्याकडे कोणी परत केलेला माल असणार, तो पुन्हा गुंडाळून खपवलाय. खोक्याचा फोटो पाठवते. लेबलसुद्धा मळकं आहे मेलं."

फोटो आला. लेबल राखाडी होते.

मुनी बराच वेळ त्या फोटोकडे पाहत राहिला. परत आलेला माल नवा म्हणून विकणे मावशींच्या हातातली गोष्ट नव्हती. ते ठरवू शकेल अशी दुकानात एकच व्यक्ती होती. आणि तिनेच त्याला मावशींविरुद्ध यादी करायला बसवले होते.

३

बुधवारी बाईंच्या प्रत्येक हालचालीत मुनीला काहीतरी दडलेले दिसू लागले. त्या खण उघडत, तो पाही. त्या खण बंद करत, तरी तो पाही. संशयाचे असे असते. तो एकदा घरात आला की प्रत्येक वस्तू आपल्या जागेवरून किंचित सरकलेली वाटते. परंतु परत आलेल्या मालाची नोंद तोच ठेवत असे, आणि त्या नव्या मालातला एकही नग परत आलेला नव्हता. तो कितीही वेळा मोजला तरी शून्य शून्यच राहिले.

दुपारी तो सापडलेले खोके घेऊन मावशींपाशी गेला. त्याला प्रश्न कसा विचारावा ते सुचेना, म्हणून त्याने ते नुसतेच पुढे केले.

"आता तूही?" मावशी म्हणाल्या.

"नाही, मावशी. मला फक्त... तुमचं काम कसं चालतं, ते दाखवाल?"

त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. मग एक रिकामे खोके ओढले आणि हात चालू लागले. अकरा वाजता लेबल छापले जाई, आणि लेबल छापले की संगणक आपोआप 'रवाना' म्हणे, पार्सल अजून टेबलावर असले तरी. काकांनी मिनिटभर चालवून पाहिलेला नग खोक्यात जाई. मग टेप. दीडपर्यंत सगळी खोकी मागच्या दाराजवळच्या बाकावर रचली जात. तिथून ती पाच वाजता कुरिअरवाला उचलून नेई.

"दीड ते पाच बाकापाशी कोण असतं?"

"कोणीच नाही. मी तिथे जेवते तेवढंच, मग कोठारात जाते. भुतं असतात."

त्यांनी टेप ओढली, कापली, आणि शेवटचे टोक करंगळीच्या पेराएवढे आत दुमडून मग दाबले.

"हे दुमडलंत कशाला?"

"उघडणाऱ्याला टोक सापडावं म्हणून. नाहीतर माणूस नखं मोडून घेतो, सुरी लावतो, आतली वायर कापतो. सोळा वर्षं मी एकही खोकं बिनदुमडीचं सोडलेलं नाही. तुझ्या बाईंना ठाऊकही नसेल."

मुनीने सापडलेले खोके उजेडात धरले. टेप कडेपर्यंत सपाट, घट्ट बसवलेली होती. तिचे टोक नखाने शोधूनही सापडेना. आणि त्या टेपखाली, कागदावर, आधीच्या टेपने सोललेला एक पट्टा दिसत होता.

मावशींनी खोके हिसकावून घेतले. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "हे मी बंद केलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी केलं होतं, पण कोणीतरी उघडून पुन्हा बंद केलंय. मुनी, इथे कोणीतरी आहे रे."

४

पार्सले नेणाऱ्या कुरिअरवाल्याला मावशींनी 'वादळ' हे नाव दिले होते, कारण तो रोज अर्धा तास उशिरा आणि पाय ओढत येई. गुरुवारी मुनी त्याची वाट पाहत बाकापाशी उभा राहिला.

"तुम्ही पार्सलं मोजून घेता का?" एवढे वाक्य त्याने सकाळपासून तीनदा मनात म्हणून पाहिले होते.

"मोजायला मी काय मास्तर आहे?" वादळ म्हणाला. "पोतं उचलतो, डेपोत टाकतो. तिथे मोजतात." मग पोते खांद्यावर घेता घेता तो थांबला. "पण एक सांगू? तुमच्याकडचं पोतं लहरी आहे. परवा यादी पाचांची होती आणि डेपोत भरली आठ. मागच्या गुरुवारी यादी सातांची, आणि भरली चार. मी म्हटलं, बाईंचं गणित कच्चं असेल."

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही. आज तुम्ही पहिले. आणि हे बघा, माझ्या गाडीवर घालू नका हं काही. पार्सल माझ्याकडे एक तास असतं, फार तर दीड."

तो गेला. मुनीला आधी त्याच्याच बंद गाडीचा संशय होता. पण त्याच गाडीतून गेलेल्या कॅमेऱ्यांच्या आणि सेन्सरच्या खोक्यांवरची लेबले पांढरी राहत होती. शिवाय पार्सले वाटेत अडकत नव्हती, ती दुकानातच अडकत होती. दुपारी बाकावरून उठत होती आणि काही दिवसांनी गुपचूप बाकावर परत येऊन बसत होती. सापडलेले खोके म्हणजे परतीच्या वाटेवर कोणाची तरी चाहूल लागल्यामुळे घाईने मावशींच्या फळीवर सरकवलेले आणि तिथेच राहून गेलेले एक खोके असावे.

शुक्रवारी सकाळी त्याच्या टेबलावर, चुकीच्या छापलेल्या एका लेबलावर, त्याने गरम चहाचा पेला ठेवला होता. तो उचलला तेव्हा लेबलावर एक गोल राखाडी वलय उमटलेले होते. त्याने बोट फिरवले. ओल नव्हती, मळ नव्हता. कागदच काळवंडला होता.

तो स्वतःशीच पुटपुटला, "शाई नाही..." त्यांच्या छापयंत्रात शाई नसेच, ते कागदाला चटका देऊन अक्षरे उमटवी. लेबलाला पुन्हा उष्णता लागली की सगळा कागदच अक्षरांच्या रंगाकडे झुकू लागे.

म्हणजे ती खोकी धुरावर नव्हती. ती कुठेतरी तापत होती, दिवसचे दिवस. कोठाराला खिडकी नव्हती. कार्यालयात पंखा होता. तपासणीच्या खोलीत सावली होती. आणि तिसऱ्या आठवड्यात उशीर दुप्पट का झाला होता? मुनीला तो आठवडा आठवला. आभाळ सतत भरून आलेले, आणि त्याला दुपारीसुद्धा टेबलावरचा दिवा लावून लिहावे लागत होते.

ऊन नव्हते. ऊन नव्हते म्हणून पार्सले थांबली होती.

तो मागच्या दाराशी आला. मावशी रोज जिच्यावर बसून जेवत ती ताडपत्री तिथेच पडली होती. ती अंगणातल्या गाडीवरची ताडपत्री होती. बाईंच्या पतीची ती जुनी गाडी, चाके काढून विटांवर ठेवलेली, कधीकाळी रिव्हर्स कॅमेरे बसवून दाखवायला वापरलेली, गेली कित्येक वर्षे झाकूनच असे. ती उघडी कधी झाली? पाच आठवड्यांपूर्वी. काका म्हणाले होते, गाडीला जरा हवा लागू दे.

मुनी उन्हात उतरला. गाडीच्या काचा बंद होत्या. त्याने दाराच्या मुठीवर हात ठेवला आणि चटका बसून तो मागे घेतला. मग सदऱ्याचे टोक गुंडाळून त्याने दार उघडले.

५

आतून भट्टीसारखा झोत आला.

पुढच्या काचेला सहा डॅशकॅम ओळीने चिकटवलेले होते. सहाही चालू होते, आणि सहा लाल ठिपके अंगणाकडे टक लावून पाहत होते. मागच्या सीटवर सहा उघडी खोकी पडली होती आणि त्यांच्यावरची लेबले फिकट राखाडी होऊ लागली होती. ड्रायव्हरच्या पायापाशी रेतीने भरलेला एक पत्र्याचा डबा होता. मुनीने बोटाने रेती बाजूला केली. आत चार डॅशकॅम होते. त्यांची पोटे फुगून पाठीची झाकणे उचकटली होती.

कोठारात कमी भरणारे चार.

"दार लाव," पाठीमागून आवाज आला. "उष्णता जाते."

वायरकाका मागच्या दारात उभे होते. मुनीने दार लावले, इतक्या आज्ञाधारकपणे की त्याचे त्यालाच आश्चर्य वाटले.

"आतली बॅटरी तापली की फुगते," काका म्हणाले. "सगळ्यांची नाही, साधारण सहांतल्या एकाची. मिनिटभर चालवून ते कळत नाही. बंद गाडीत तीन दिवस कडक ऊन लागलं की कळतं. घड्याळ लावून चालू ठेवतो, म्हणजे कोणता कधी बंद पडला ते दिसतं. जो टिकतो तो जातो. जो फुगतो तो रेतीत, आणि त्याच्या जागी दुसरा टिकलेला."

"बाईंना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं होतं. वहिनी म्हणाल्या, कशावरून? मी म्हटलं, तक्रार आली आहे. त्यांनी संगणक उघडून पाहिला." काकांनी कपाळाचा घाम मनगटाने पुसला. "म्हणाल्या, भाऊजी, तक्रार तर मिटलेली आहे. तुम्ही आता शंका काढू नका."

मुनी एक पाऊल पुढे आला. "कुठली तक्रार?"

"एका बापाची होती. दुपारी गाडी उन्हात उभी होती, कॅमेऱ्याला जळका वास यायला लागला, मुलगी मागच्या सीटवर झोपली होती. तू त्याला चौथं उत्तर पाठवलंस. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.' मी चहा घेऊन तुझ्या मागे उभा होतो."

कोठारातून टेप ओढल्याचा कर्रकन आवाज आला. दोघेही तिकडे पाहू लागले.

"आणि मावशी?" मुनीने विचारले.

काकांनी कानामागचा टेस्टर काढून खिशात घातला.

"उद्या चार वाजता त्यांना काढणार आहेत. तुम्हाला सोमवारपासून माहीत आहे."

"हे सहा राहिलेत. अजून दोन दिवस ऊन हवं. आज बोललो तर वहिनी हे सहा असेच पाठवतील, आणि उरलेले नऊसुद्धा. सोमवारी मी स्वतः..."

"सोमवारी मावशी नसतील, काका."

वायरकाकांनी पाठ फिरवली आणि ते आत गेले. त्या निळ्या पाठीकडे पाहताना मुनीला समजेना की आपण एका भल्या माणसाकडे पाहतो आहोत की एका भित्र्या. आपल्याला हा भेद करण्याचा अधिकार उरला आहे का, हेही समजेना.

शनिवारी सकाळी तो लवकर आला. अंगणात गाडीवर ताडपत्री घातलेली होती. त्याने एक कोपरा उचलून पाहिले. काच रिकामी होती. सीट रिकामी होती. रेतीचा डबाही नव्हता.

६

चार वाजता बाईंच्या टेबलाभोवती चौघे बसले. मावशींनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि तिचे बंद मुठीत आवळले होते. काका भिंतीलगतच्या स्टुलावर होते, नजर जमिनीवर.

"यादी," बाई म्हणाल्या.

मुनीने यादी ठेवली आणि तो उभा राहिला. बसून आपल्याला बोलता येणार नाही, एवढे त्याला कळत होते.

"ही यादी मावशींच्या विरुद्ध नाही," तो म्हणाला. आवाज फाटला, तरी तो थांबला नाही. त्याने सापडलेले खोके आणि मावशींनी बुधवारी बंद केलेले खोके शेजारी शेजारी ठेवले. टेपचे दुमडलेले टोक दाखवले आणि न दुमडलेले दाखवले. चहाच्या वलयाचे लेबल ठेवले. घड्याळ कसे आधीच लागलेले होते, पोत्यात कधी कमी आणि कधी जास्त पार्सले का निघत, ढगाळ आठवड्यात उशीर दुप्पट का झाला, हे त्याने अडखळत, मागे जाऊन, पुन्हा पुढे येऊन सांगितले.

"ज्याने हे केलं त्याला पार्सल नको होतं. त्याला ऊन हवं होतं. आणि उष्णता फक्त अंगणातल्या गाडीत मिळते."

बाई उठल्या, खिडकीशी गेल्या. "गाडी झाकलेली आहे."

"काल उघडी होती. आत सहा डॅशकॅम चालू होते, आणि चार..."

"दिसत तर काहीच नाही."

मुनीने काकांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर ती विनवणी झाली असती. "नाही दिसत," तो म्हणाला. "पण गाडीतलं काढून नेता येतं, बाई. गिऱ्हाइकांच्या घरी गेलेली तेवीस लेबलं कोणाला परत पांढरी करता येणार नाहीत."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. वायरकाका बाहेर गेले. सगळ्यांना वाटले, आता ते परत येणार नाहीत. पण ते आले, हातात पत्र्याचा डबा घेऊन. त्यांनी तो बाईंच्या टेबलावर, यादीच्या बरोब्बर वर ठेवला, आणि रेतीतून एकेक करून चारही फुगलेले नग बाहेर काढले.

"रात्रीत धीर सुटला," ते म्हणाले. "मीच झाकली गाडी. वहिनी, तुमच्या घरातलाच माणूस आहे मी. आणि मीच केलं."

बाईंनी एक नग उचलला. त्याचे झाकण त्यांच्या बोटांखाली करकरले. त्यांनी तो अलगद परत रेतीत ठेवला, जसे एखादे झोपलेले मूल ठेवावे.

मावशी उठल्या आणि काकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"पाच दिवस," त्या म्हणाल्या, "मी घरी जाताना दारात पिशवी उलटी करून दाखवली. डबा, चष्मा, छत्री, सगळं जमिनीवर. तुम्ही समोर बसून सोल्डरिंग करत होतात. एकदा तरी मान वर केलीत?"

"नाही केली."

"मला सांगितलं असतंत तर मी तुमची खोकी दुमडून बंद केली असती. कोणाला पत्ता लागला नसता." त्यांनी पिशवीचे बंद पुन्हा मुठीत आवळले. "आता माझ्याशी बोलू नका तुम्ही."

"मावशी," बाई म्हणाल्या, "पिशवी उलटी करायला मी लावलं होतं. त्यांनी नाही."

"ते मला माहीत आहे, बाई. तुमचं मी सोमवारी बघते. सोमवारी मी येणार आहे ना?"

"येणार आहेस."

मावशी बसल्या. पिशवी त्यांनी मांडीवरून काढून खाली ठेवली.

बाईंनी मुनीकडे वळून विचारले, "भाऊजी तपासायला लागायच्या आधी किती गेले?"

हा आकडा त्याने रात्रभर डोळ्यांसमोर धरला होता, आणि त्या गिऱ्हाइकांचे टेलिफोन नंबर सकाळी यादीच्या शेवटी लिहिले होते. "सतरा. त्यांतला एक त्या वडिलांचा."

"सहांतला एक म्हणजे..." बाईंनी वाक्य पुरे केले नाही. "विक्री बंद. उरलेला सगळा माल बाजूला काढा. आणि त्या सतरांना कळव. आत्ता."

"पत्र लिहितो," मुनी सवयीने म्हणाला, आणि म्हणताच थांबला. बाहेर ऊन अजून कडक होते. कुठेतरी सतरा गाड्या उभ्या होत्या.

त्याने रिसीव्हर उचलला. तळहाताला घाम होता. मावशींनी यादी स्वतःकडे ओढली, बोटाने पहिला नंबर दाखवला. मुनीने तो फिरवला. पलीकडे चार घंट्या झाल्या.

"हॅलो?"

"मी... डॅशकॅमच्या दुकानातून बोलतोय. तुम्ही लिहिलं होतं, जळका वास येतो म्हणून."

"पाच आठवडे झाले त्याला," तो माणूस म्हणाला. "तुमचं उत्तर आलं होतं. नोंद घेतली म्हणून."

"ते मी पाठवलं होतं."

"वाचून?"

"नाही," तो म्हणाला. "काल वाचलं. तुमची मुलगी मागे झोपली होती."

दुरून एका लहान मुलीचा आवाज आला, कोण आहे म्हणून विचारणारा. तिला हळूच गप्प केले गेले.

"कॅमेरा मी त्याच दिवशी काढला," तो माणूस म्हणाला. "एका कुंडीत मातीखाली पुरून ठेवलाय. टाकून द्यायचा तर कोणाच्या हाती लागायचा, म्हणून. बाकीच्यांना सांगितलंत?"

"तुम्ही पहिले. अजून सोळा आहेत."

"मग माझ्याशी काय बोलत बसलात?"

फोन बंद झाला. मावशींनी पेन्सिलीने पहिल्या नंबरावर रेघ मारली आणि बोट खाली सरकवले. मुनीने रिसीव्हर जागेवर ठेवलाच नाही. त्याने खटका दाबून पुढचा नंबर फिरवला.